'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब आफताब हुसेन : वसंतराव, राहुल आणि पडद्यावरचे. तुमच्या कानातले खाँसाहेब कोणते?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ९:४०

मागच्या रविवारी सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासमोरून जात होतो. गाडीवर मागे पुतणी, अकरावीतली. पाटी वाचून तिने विचारलं, "काका, हे वसंतराव म्हणजे राहुल देशपांडेचे आजोबा ना? सिनेमात सचिनला ज्याने आवाज दिला, त्याचे?"

चुकीचं काहीच बोलली नाही पोरगी. पण तिच्यासाठी खाँसाहेब म्हणजे आधी सचिन पिळगांवकरांचा चेहरा, मग राहुलचा गळा, आणि सगळ्यात शेवटी सभागृहावरची पाटी. माझा क्रम बरोबर उलटा. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

नागपूरच्या मंडळींना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी थोडक्यात. 'कट्यार काळजात घुसली' आपल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं नाटक. खाँसाहेब म्हणजे पंडितजींना गाण्यात हरवून हवेली आणि मानाची कट्यार मिळवणारा दरबारी गवई, जरीना त्यांची मुलगी, आणि सदाशिव हा पंडितजींना मानणारा, खाँसाहेबांकडे लपून गाणं शिकणारा तरुण. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने १९६७ साली ते रंगमंचावर आणलं. पहिले खाँसाहेब वसंतराव देशपांडे, म्हणजे मूर्तिजापूरचा जन्म आणि लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाण्याचे पहिले धडे. पुढे २०१० मध्ये सुबोध भावेंनी नाटक पुन्हा उभं केलं. त्यात राहुल देशपांडे खाँसाहेब आणि महेश काळे सदाशिव. २०१५ मध्ये चित्रपट आला, त्यात खाँसाहेब सचिन, गाणं राहुलचं.

वसंतरावांचे खाँसाहेब मी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. घरच्या कॅसेटी आणि नंतर मोबाईल, एवढीच ओळख. राहुलचे खाँसाहेब मात्र पाचव्या रांगेत बसून पाहिले आहेत.

माझं म्हणणं असं आहे. या माणसाचा राग त्याच्या बोलण्यात नाही, गाण्यात आहे. बोलताना तो जिंकलेला असतो. हवेली त्याची, दरबार त्याचा, कट्यार त्याची. पण तान सुरू झाली की कळतं, याला अजून स्वतःच्या जिंकण्याची खात्री नाही. एवढी तयारी, एवढा वेग, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतानाची ती झेप! जो निर्धास्त असतो तो असा गात नाही. वसंतरावांच्या ध्वनिमुद्रणात मला हे दर वेळी ऐकू येतं. राहुलच्या प्रयोगात ते दिसलंही. संवाद संपता संपता सूर लागला, आणि बोलण्यासाठी घेतलेल्या श्वासातच गाणं सुरू झालं. मध्ये शिवण दिसली नाही.

चित्रपटात मला ती शिवण दिसते. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. दोघेही आपापल्या जागी कसलेले आहेत, त्यात शंका नाही. पण तिथे राग चेहऱ्यावर आला आणि गाण्यात फक्त गाणं उरलं. म्हणून तिथले खाँसाहेब मला मत्सरी वाटतात, भुकेले वाटत नाहीत.

तुमचं काय मत? ज्यांनी वसंतरावांना रंगमंचावर पाहिलंय त्यांनी जरूर लिहावं.

---

धंतोलीकर
शनिवार, रात्री १०:२५

मी पाहिलं आहे. सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त पुण्याला होतो, तेव्हा दोनदा. वय झालं आहे, टाइप करायला वेळ लागतो. टप्प्याटप्प्याने लिहितो.

पहिली गोष्ट. वसंतराव 'अभिनय' करतात असं मला कधी वाटलं नाही. म्हणजे नटाची लकब, हातवारे, आवाजाची चढउतार असलं काही मोजून-मापून केलेलं नव्हतं. ते यायचे, बसायचे, आणि खाँसाहेब आपल्यासमोर बसलेले असायचे. त्या काळी नाटकं मी पुष्कळ पाहिली. बसण्यातून एवढा धाक वाटावा, असं दुसऱ्या कुणाचं आठवत नाही.

---

धंतोलीकर
शनिवार, रात्री १०:५८

दुसरी गोष्ट. मी दोनदा गेलो त्याचं कारणच हे, की पहिल्या खेपेला ऐकलेलं दुसऱ्यांदा जसंच्या तसं मिळणार नाही, असं सगळे सांगायचे. आणि खरंच नाही मिळालं. चाल तीच, शब्द तेच, पण गाणं भलत्याच वाटेने गेलं आणि समेवर अशा बाजूने आलं की शेजारचे गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आपटला, तो अजून आठवतो.

त्यामुळे नाटकात एक वेगळीच पंचाईत व्हायची. गोष्टीप्रमाणे आपली सहानुभूती पंडितजींकडे आणि सदाशिवाकडे असायला हवी. पण खाँसाहेब हरावेत असं सभागृहात कुणालाच वाटत नसे. मला तर नाहीच.

तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. १९६७ मध्ये वसंतराव ४७ वर्षांचे होते. मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं कारकुनी केलेला माणूस. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटात कृष्ण झालेला, लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडे मारवा राग शिकून आलेला. एवढी विद्या अंगात असताना सकाळी उठून ऑफिसात सही करायची! मग सत्तेचाळिशीत त्याला अशी भूमिका मिळते, ज्यात मोठ्या गवयाला मान उशिरा मिळतो आणि तो मान सांभाळताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो. हे वसंतरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

---

विदर्भ_एक्सप्रेस
रविवार, सकाळी ८:१२

धंतोलीकर काका, तुमचा तिसरा मुद्दा वाचून अंगावर काटा आला.

पण तिसरी_घंटा, चित्रपटावर तुम्ही अन्याय करताय. मी आता ठाण्यात राहतो. माझ्या सोसायटीतली जी मुलं कधी नाट्यगीताच्या वाटेला गेली नव्हती, ती २०१५ च्या दिवाळीनंतर 'सूर निरागस हो' म्हणत होती. हे काम रंगमंचाने केलं नाही, पडद्याने केलं.

आणि अभिनयाचं म्हणाल तर सचिनना वेगळेच खाँसाहेब मिळाले होते. चित्रपटात पंडितजींना शेंदूर खाऊ घातला जातो आणि त्यांचा आवाज जातो. म्हणजे जिंकणंच डागाळलेलं आहे, आणि खाँसाहेबांना ते ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं हरत आलेला माणूस आहे तो. कॅमेरा डोळ्यांजवळ जातो तेव्हा तिथे काहीतरी दिसायला हवं, तानेच्या भरवशावर बसून चालत नाही. सचिननी ते डोळ्यांत आणलं. तुम्हाला जो मत्सर दिसतो, तो पटकथेतच लिहिलेला आहे. नटाला का बोल लावता?

---

तिसरी_घंटा
रविवार, सकाळी ९:०५

शेंदराचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात आला नव्हता. पटकथेनेच भूमिका बदलली हे खरं.

पण त्याच चित्रपटातले पंडितजी पाहा. शंकर महादेवन स्वतः अभिनय करतात आणि स्वतःच गातात. ते काही मुरलेले नट नाहीत. तरी गाताना त्यांच्या गळ्याची शीर, छातीचा भाता, मान किंचित मागे जाणं, हे सगळं सुरासोबत हलतं. त्या दृश्यांत माझा विश्वास एकदाही डळमळला नाही. मोठा नट आणि उसना गळा एका बाजूला, साधा नट आणि स्वतःचा गळा दुसऱ्या बाजूला. मला दुसरा जिंकताना दिसतो.

---

पायपेटी
रविवार, दुपारी १:३०

वाचून राहिलो सकाळपासून. आता लिहितोच, कारण हा प्रयोग मी स्वतः करून बसलो आहे.

आमचा नागपूरच्या महाल भागातला हौशी ग्रुप. गणेशोत्सवात दरवर्षी एखादा प्रवेश करतो. दोन वर्षांपूर्वी खाँसाहेब आणि सदाशिवाचा प्रवेश घेतला. पेटी माझ्याकडे. खाँसाहेब करणारा आमचा दादा बँकेत आहे. आवाज भारदस्त, चेहरा असा की शेरवानी घातली की मंडपात शांतता व्हायची. पण गाणं शून्य. मग ठरलं की गाणारा विंगेत बसेल आणि दादा ओठ हलवेल. गाणारा आमच्यातलाच, गुणी मुलगा.

तालमी दीड महिना चालल्या. दादाने एकेक हरकत पाठ केली. कुठे तोंड उघडायचं, कुठे हात वर न्यायचा, सगळं. तरी जमेना. शेवटी कारण मला पेटीवरून दिसलं. ओठ बरोबर हलत होते, पण श्वास चुकत होता! विंगेतला मुलगा तानेच्या आधी पोटातून श्वास भरायचा, आणि नेमकं त्याच क्षणी दादाचे खांदे खाली आलेले असायचे. कारण त्याचा संवाद नुकताच संपलेला असायचा. त्याचं शरीर म्हणायचं 'झालं', आणि गाणं म्हणायचं 'आता सुरू'. पुढे बसलेल्या लोकांना कारण सांगता आलं नसतं, पण त्यांना ते कळलं. टाळ्या पडल्या, त्या विंगेकडे पाहून पडल्या.

त्या रात्री पेटीचं झाकण लावताना दादा मला म्हणाला, "भाऊ, मी आज खाँसाहेबांचा नोकर होतो." फार मनाला लागलं होतं त्याच्या.

म्हणून मी तिसरी_घंटा यांच्या बाजूने.

---

कोमल_धैवत
रविवार, दुपारी ३:१५

मी खामल्याला गाणं शिकवते. श्वासाबद्दल पायपेटी यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. मी मात्र चर्चा थोडी सुरांकडे नेते, कारण एका भूमिकेची तुलना करायला या नाटकाने आपल्या हातात तराजूच दिला आहे.

'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत आहे. एक सलगवराळी रागात, ठाय म्हणजे संथ, शब्दाला कुरवाळत जाणारी, पंडितजींच्या वळणाची. दुसरी धानी रागात, द्रुत म्हणजे जलद, खाँसाहेबांची. अभिषेकीबुवांनी दोन माणसांचे स्वभाव दोन चालींत ठेवले. शब्द तेच आहेत, त्यामुळे फरक फक्त गाणाऱ्याचा उरतो. मी विद्यार्थ्यांना दोन्ही चाली शेजारी शेजारी ऐकवते. दहा-बारा वर्षांची मुलंसुद्धा लगेच सांगतात, "हे दुसरे काका भांडून राहिले."

धानीत रिषभ आणि धैवत नाहीत. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. पाचच सूर. म्हणजे चालायला जागा कमी, उडी मारायलाच लागते. वसंतराव या पाच सुरांत जे करतात ते ऐकताना मला नेहमी वाटतं की यांना पिंजऱ्यात ठेवलंय आणि ते गज मोजतायत. तान वर जाते, वळते, भलत्याच मात्रेवर मुखडा पकडते. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा आदर्श त्यांच्यापुढे होता. ती बेधडक फेक इथे स्पष्ट ऐकू येते.

राहुल हेच गातात तेव्हा गाणं जास्त स्वच्छ आहे. तान दाणेदार, सूर नेमका, आखणी दिसते. कमी आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांचे खाँसाहेब मला जास्त शहाणे वाटतात. वसंतरावांचे खाँसाहेब स्वतःलाही घाबरवणारे आहेत. राहुलच्या खाँसाहेबांना ठाऊक आहे की आपण कुठे उतरणार.

आता याच्या पुढचं. राहुल १९७९ चे. वसंतराव गेले जुलै १९८३ मध्ये. म्हणजे नातू चार वर्षांचाही नव्हता. समोर बसून तालीम मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आजोबांचे खाँसाहेब त्यांना ध्वनिमुद्रणांतूनच मिळाले. आणि नाटकात असं कोण शिकतं? सदाशिव! दाराआडून, चाकरी करत, कान लावून. म्हणजे रंगमंचावर खाँसाहेब होऊन बसलेला गायक शिकला मात्र सदाशिवासारखा. २०१० मध्ये ते एकतिशीचे होते. सत्तेचाळिशीतली ती जखम त्यांच्या गळ्यात कुठून यावी? त्यांच्याकडे ओढ होती, आणि त्यांच्या खाँसाहेबांत मला तीच ऐकू येते.

---

विदर्भ_एक्सप्रेस
रविवार, दुपारी ४:०२

ताई, हे 'सदाशिवासारखा' वाचून मी फोन खाली ठेवला आणि पाच मिनिटं बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. एवढ्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

मग 'मी वसंतराव' बद्दल काय म्हणाल? २०२२ च्या त्या चित्रपटात राहुलनी आजोबांचीच भूमिका केली, गायलेही स्वतः, आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे तर शिवण नव्हती.

---

कोमल_धैवत
रविवार, दुपारी ४:२०

नव्हतीच. आणि तिथे त्यांचं गाणं मला जास्त मोकळं वाटलं. खाँसाहेब करताना आजोबांनी केलेली भूमिका समोर उभी असते, प्रत्येक जागेची तुलना होणार हे ठरलेलं असतं. तिथे ते आजोबाच झाले. नक्कल करायची नव्हती, जगलेलं आयुष्य दाखवायचं होतं.

---

इतवारी_गल्ली
रविवार, सायंकाळी ६:४७

गाण्यातलं मला फार कळत नाही. बोलण्याबद्दल लिहितो, कारण त्यावर अजून कुणी आलेलं नाही.

खाँसाहेबांची भाषा. उर्दू वळणाची हिंदी आणि मराठी, दोन्ही एका तोंडात. हे लिहिणारा नागपूरचा आहे हे मला त्या भाषेवरून आधी कळलं, नाव नंतर वाचलं. आपलं शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. बाजारात हिंदी, घरात मराठी, मोमिनपुऱ्यात उर्दू, आणि तिन्ही भाषा रोज एकमेकींच्या अंगणात. दारव्हेकर मास्तर इथल्या आकाशवाणीवर होते, रंजन कला मंदिर त्यांनी इथे चालवलं, वऱ्हाडी बोलीत नाटक लिहिलं. कोण कसं बोलतो हे त्यांच्या कानात पक्कं होतं.

आता गंमत बघा. जे नट ही भाषा 'करायला' जातात ते अडकतात. 'ख' घशातून काढतात, 'क' खोल नेतात, आणि प्रत्येक शब्दाला अत्तर लावतात. माझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपीचाचांची उर्दू मी लहानपणापासून ऐकली. ते अत्तर लावून बोलत नसत. सुई दातात धरून बोलत, निम्मे शब्द गिळत, आणि तरी अदब कुठे जात नसे. वसंतरावांच्या जुन्या ध्वनिमुद्रणात ती सहजता आहे. चित्रपटात उच्चार शुद्ध आहेत, सचिनचा उर्दूचा अभ्यास आहे हे कळतं. पण मला ती घरात वापरलेली भाषा वाटली नाही, दरबारात नेसलेली वाटली.

---

विदर्भ_एक्सप्रेस
रविवार, सायंकाळी ७:१०

पण ते दरबारातच तर उभे आहेत ना!

---

इतवारी_गल्ली
रविवार, सायंकाळी ७:१६

हाव, दरबारात ठीक. जरीनाशी घरात बोलतानाही तशीच, तिथे मला खटकतं. बाप लेकीशी असा बोलत नाही.

---

धंतोलीकर
रविवार, रात्री ८:३०

जरीनाचा विषय निघाला म्हणून. मूळ संचात फैय्याज होत्या. भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव. आपण सगळे खाँसाहेबांबद्दल बोलतोय, पण त्या भूमिकेची उंची समोरच्यांमुळे होती. सावकारांचा सदाशिव शिष्य वाटायचा, ऐकताना त्यांचे डोळे ऐकत असत. खाँसाहेब ज्याच्यापुढे गातात तो माणूस नीट ऐकत नसेल तर खाँसाहेब उघडे पडतात.

एक सल मात्र सांगायचा आहे. वन्स मोअर. मीही ओरडलो आहे, तरुण होतो. पण आता वाटतं, त्यामुळे भूमिकेचं नुकसान होत होतं. खाँसाहेब संतापून तान घेतात, आपण टाळ्या वाजवतो, पुन्हा म्हणा म्हणतो, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिथे खाँसाहेब नसतात, वसंतराव असतात.

---

कोमल_धैवत
रविवार, रात्री ९:०२

काका, मला इथे थोडं वेगळं वाटतं. संगीत नाटकाचा प्रेक्षक दोन्ही एकाच वेळी ऐकतो. त्याला गोष्टही हवी असते आणि गाणंही. आणि खाँसाहेब हे पात्रच असं आहे की त्याला दाद हवी आहे, तो दादेवर जगतो. वन्स मोअर आला की तो माणूस खुलणार नाही का? मला तर वाटतं, हीच एक भूमिका आहे जिच्यात वन्स मोअर पात्राला शोभतो. पंडितजींना तो शोभणार नाही.

---

धंतोलीकर
रविवार, रात्री ९:४१

असा विचार केला नव्हता. पंडितजींच्या पदाला मी कधी ओरडलो नाही, हे मात्र खरं. गप्प बसून राहायचो.

---

तिसरी_घंटा
रविवार, रात्री १०:१५

धागा काढताना मी ठाम होतो की गाणं आणि माणूस एकाच देहात हवेत. अजूनही तेच म्हणतो. पण 'मत्सरी' हा शब्द मागे घेतो. विदर्भ_एक्सप्रेस म्हणतात तसं, शेंदराच्या कथेतले खाँसाहेब आणि दारव्हेकरांचे खाँसाहेब ही दोन माणसं आहेत, आणि सचिननी त्यांच्या वाट्याला आलेला माणूस केला. तुलना करायची तर वसंतराव आणि राहुल यांचीच. आणि तिथे ताईंनी जे लिहिलं त्यावर मला भर घालता येत नाही.

आज दुपारी पुतणीला दोन्ही 'घेई छंद' ऐकवली, आधी सलगवराळी, मग वसंतरावांची धानी. दुसरं सुरू असताना ती पोळी लाटत होती. मध्येच लाटणं थांबलं. संपल्यावर म्हणाली, "काका, हे गाताना ते कुणावर चिडले होते?" मी म्हटलं, पुन्हा ऐक. तिसऱ्यांदा ऐकत होती तोवर तव्यावरची पोळी करपली.

---

पायपेटी
रविवार, रात्री १०:५०

मंडळी, हे सगळं वाचून आज दादाकडे गेलो होतो. यंदा तोच प्रवेश पुन्हा करायचा म्हणतोय आमचा ग्रुप. या वेळी उलटं करणार. विंगेतला मुलगाच खाँसाहेब होणार. चोवीस वर्षांचा आहे, बसायला लावलं की अवघडतो, संवादात एकसुरी आहे. पण श्वास त्याचा आहे. दादा त्याला बसायचं कसं ते शिकवणार आहे. त्यानेच आपणहून सांगितलं.

उच्चारांचं मात्र अडतंय. इतवारी_गल्ली, तुमच्या ओळखीत तशी घरातली उर्दू बोलणारं कुणी वडीलधारं असेल, आणि महालात आठवड्यातून एक संध्याकाळ येऊ शकणार असेल, तर मला व्यक्तिगत निरोप करा. तालीम सात ते नऊ. आणायला-सोडायला माझी गाडी आहे.

---

इतवारी_गल्ली
रविवार, रात्री ११:०४

शिंपीचाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा आहे, दुकान तोच बघतो, आणि बोलतो अगदी बापासारखा. उद्या सकाळी विचारतो.